रनिंग फक्त ३८ हजार!

‘२०१६ मॉडेल, फर्स्ट ओनर, डॉक्टरची गाडी, नॉन-ॲक्सिडेंटल, रनिंग फक्त ३८ हजार. एक रुपयाचं काम नाही. घ्या आणि चालवा!’

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी हा मेसेज माझ्या मोबाइलवर आला आणि दुपारी मी आई-बाबांना घेऊन पुण्यातल्या एका सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात उभी होते. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत साठवलेले पावणेदोन लाख माझ्या खात्यात होते. आईने मोडायला काढलेली एफडी सव्वा लाखाची. एकूण बजेट तीन लाख. आमच्या घरातली ही पहिलीच चारचाकी असणार होती. बाबांचं सगळं आयुष्य स्कूटरवर गेलं. साताऱ्यात आजीला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की आधी रिक्षा शोधायची आणि मग डॉक्टरांना फोन करायचा, अशी आमची पद्धत. त्यामुळे दोघं सकाळची पहिली एसटी पकडून पुण्याला आले होते, तेही चांगले कपडे घालून.

गाडी चकाचक होती. पांढरी हॅचबॅक, टायर काळे कुळकुळीत, डॅशबोर्डवर पॉलिश, आत लिंबाच्या वासाचं फ्रेशनर. दुकानदार सगळी माहिती बाबांना सांगत होता. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, ‘‘मॅडम, कलर आवडला ना?’’ मग मीही मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटणारा प्रश्न विचारला, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ ‘‘शहरात सतरा, हायवेला बावीस.’’ ‘‘आणि रनिंग?’’ त्याने चावी फिरवली. मीटरवर आकडा उजळला. ३८,४१२. ‘‘बघा, तुमच्या डोळ्यांसमोर आहे. खोटं कशाला बोलू? संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन टाकून ठेवा.’’

मी पाच हजार तिथल्या तिथे पाठवले. पावती मागायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी साताऱ्यातल्या आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना बोलावून घेतलं. काका आले, पण मीटरकडे बघितलंच नाही. दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले, खाली वाकून क्लचच्या पेडलवर अंगठा फिरवला. पेडलच्या रबरावरचे चर पार झिजून ते गुळगुळीत झालं होतं. स्टिअरिंगचा वरचा भाग हात लागून लागून चमकत होता. सीटची दाराकडची कड बसलेली होती. ‘‘मीटर कुणीबी फिरवतंय पोरी,’’ काका म्हणाले. ‘‘मीटर म्हणतोय अडतीस, आन् हे पायाखालचं रबर म्हणतंय लाखाच्या घरात. आता खरं कोण बोलतंय ते बघू.’’ मग त्यांनी बॉनेट उघडलं. आतल्या बाजूला, ग्रीसने काळवंडलेला एक छोटा स्टिकर होता. ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले लावतात तसला. दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि खाली पेनने लिहिलेलं : पुढचं ऑइल ९१,०००.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं. ‘‘चुकून दुसऱ्या गाडीचा लागला असेल.’’ आम्ही निघालो. पाच हजार काही परत आले नाहीत. पण तीन लाख वाचले. त्या पाच हजारांच्या फीमध्ये पुढच्या दोन महिन्यांत मी जे शिकले, ते पहिली गाडी सेकंडहँड घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असं वाटतं.

आकडा हा पुरावा नाही

आपल्याकडे ‘मायलेज’ म्हटलं की गाडी लिटरमागे किती किलोमीटर देते, हेच डोक्यात येतं. सेकंडहँड बाजारात मात्र किंमत ठरते ती दुसऱ्या आकड्यावर, गाडी आजवर किती चालली यावर. बाजारातला शब्द ‘रनिंग’. रनिंग जितकं कमी, तितका भाव जास्त. त्यामुळे तो आकडा कमी दाखवायचा मोह कुणालाही होणार.

जुन्या गाड्यांत फिरत्या आकड्यांचं यांत्रिक मीटर असायचं. कुणी ते मागे फिरवलं तर आकडे एका ओळीत नीट बसत नसत, जाणकाराला लगेच कळायचं. आता आकडा मीटरच्या इलेक्ट्रॉनिक मेमरीत असतो. तो बदलणाऱ्याला काही मिनिटं पुरतात आणि दिसायला खूण राहत नाही. म्हणून मीटरचा आकडा म्हणजे विकणाऱ्याचं म्हणणं समजायचं. ते कदाचित खरंही असेल, पण इतर साक्षीदार काय सांगतात ते पाहिल्याशिवाय त्यावर शिक्का मारायचा नाही.

पहिला हिशेब सोपा आहे. घरगुती वापराची गाडी ढोबळमानाने वर्षाला १० ते १२ हजार किलोमीटर चालते. म्हणजे आठ वर्षांची गाडी ८० ते ९५ हजारांच्या आसपास असणं स्वाभाविक. ती ३८ हजारांवर असेल तर ‘वा!’ म्हणण्याआधी ‘का?’ विचारायचं. मालक परदेशात होता, घरात दुसरी गाडी होती, अशी खरी कारणं असू शकतात. मात्र ती कागदावर दिसली पाहिजेत.

कागदांची साक्ष

सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे सर्व्हिसची बिलं. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवशीचं रीडिंग असतं. बिलं तारखेनुसार लावा आणि आकडे वर चढत जातात का, ते बघा. २०२१मध्ये ६८ हजार आणि आज ५२ हजार, असं दिसलं तर विषय संपला. बिलं हरवली असतील तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीची नोंद असते. मूळ मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्याकडून ती मागवता येते. ‘सगळी कामं बाहेरच्या गॅरेजला केली, बिल कुठलं ठेवणार?’ असं उत्तर आलं, तर ते खरंही असू शकतं, पण मग किंमतही त्याच हिशेबाने बोलायची.

दुसरा साक्षीदार विम्याची पॉलिसी. त्यात ‘नो क्लेम बोनस’चा रकाना असतो. एकही क्लेम न घेता पाच वर्षं गेली की हा बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. क्लेम घेतला की तो साधारणपणे शून्यावर येतो. आठ वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या, ‘एक ओरखडाही नाही’ म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस २० टक्के असेल, तर नजीकच्या काळात कशाचा तरी क्लेम झालेला असू शकतो. कशाचा, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तिसरा साक्षीदार कुणाच्या फारसा लक्षात येत नाही, तो म्हणजे फास्टॅग. ‘गाडी फक्त शहरात, भाजी आणायला’ असं सांगणाऱ्या मालकाला विनंती करा, ‘‘तुमच्या फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवता का?’’ गाडी किती वेळा, कुठल्या टोलवरून गेली ते त्यात तारीखवार असतं.

चौथा, परिवहन खात्याचं एमपरिवहन ॲप. गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा-पीयूसीची मुदत, आरटीओ अशी माहिती समोर येते. ही आणि आरसीवरची माहिती ताडून पाहा. गाडी कितव्या मालकाकडे आहे आणि तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे दोन रकाने चुकवू नका. प्रलंबित ई-चलनंही ऑनलाइन बघता येतात. दंड थकला असेल तर ट्रान्सफरच्या वेळी डोकेदुखी तुमची.

गाडीच बोलते

कागद नसतील तरी गाडी स्वतः बरंच काही सांगते. पेडलचं रबर, स्टिअरिंग, गिअरचा गोळा, ड्रायव्हरच्या सीटची कड, पॉवर विंडोची बटणं या सगळ्यांची झीज एकमेकांशी आणि मीटरशी जुळली पाहिजे. पेडलचं रबर कोरं करकरीत आणि बाकी सगळं जुनं असेल तर तेही संशयास्पदच.

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हॅचबॅकचे टायर साधारण ४० ते ५० हजार किलोमीटर जातात. त्यामुळे गाडी ‘३० हजार’ चाललेली आणि टायरचा दुसरा सेट लागलेला असेल तर कारण विचारा. रबर वयानेही कडक होतं, म्हणून टायर बदलणं हा काही गुन्हा नाही, पण उत्तर पटलं पाहिजे. टायरच्या नक्षीच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे उंचवटे असतात. झीज तिथवर आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली आणि टायर बदलायला आला. टायर एकाच कडेने जास्त घासलेला असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमध्ये काहीतरी आहे.

काचांवर कोपऱ्यात कंपनीची खूण आणि निर्मितीचा काळ सांगणारा कोड असतो. सगळ्या काचा एका काळातल्या आणि एकच वेगळी असेल तर ती कधी आणि का बदलली ते विचारा. बॉनेट आणि दारांच्या बिजागरांचे बोल्ट बघा. पाना लागलेला असेल तर त्यावरचा रंग उडालेला दिसतो. दारांचे रबर थोडे ओढून खालच्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारखे आहेत का ते पाहा. बंपर किंवा दार रंगवलेलं असणं ही आपल्या रस्त्यांवर रोजचीच गोष्ट. पण इंजिनच्या दोन्ही बाजूंचा ॲप्रन आणि दारांमधले पिलर ठोकून सरळ केलेले असतील, तर तो मोठा अपघात होता. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी नको.

आणखी एक गोष्ट काकांनी शिकवली. मागची सीट बघायची. घरच्या गाडीत ड्रायव्हरची सीट सगळ्यांत जास्त झिजते. मागची सीटही तेवढीच बसलेली आणि डावीकडच्या मागच्या दाराचं हँडल सैल असेल, तर गाडी कधीतरी टॅक्सी म्हणून चाललेली असू शकते. आरसीवर आणि आरटीओच्या नोंदीत त्याचा माग काढा. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

किलोमीटर कुठले, हेही महत्त्वाचं

समजा एक गाडी ४० हजार चालली, पण सगळी पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये. सरासरी वेग तासाला २० किलोमीटर धरला तर तिचं इंजिन २ हजार तास चाललं. दुसरी ८० हजार चालली, पण बहुतेक हायवेला. सरासरी ६० धरली तर इंजिन चाललं साधारण १,३३३ तास. मीटरवर दुप्पट चाललेल्या गाडीचं इंजिन प्रत्यक्षात कमी राबलेलं! क्लच, ब्रेक, गिअर यांची झीज तर सिग्नल-सिग्नलला थांबणाऱ्या गाडीतच जास्त. त्यामुळे ‘किती चालली’च्या पाठोपाठ ‘कुठे चालली आणि कुणी चालवली’ हा प्रश्न हवाच.

उलट बाजूही आहे. खरोखरच कमी चाललेली गाडी म्हणजे आपोआप चांगली, असं नाही. वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबरी पाइप आणि सील कडक होतात, टायर एका जागी दबतात, ब्रेक गंजतात आणि उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. अशा गाडीला किलोमीटर कमी असले तरी ऑइल वर्षाच्या वर्षाला बदललंय का, हे तपासायचं.

पाण्यात गेलेली गाडी

महाराष्ट्रात गाडी घेणाऱ्याने पुराचा इतिहास लक्षात ठेवायला हवा. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्यात आंबिल ओढ्याचा काठ, जुलै २०२१मध्ये चिपळूण आणि महाड. या पुरांत असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून नवीसारखी करता येते, पण तिच्या वायरिंगचा भरवसा राहत नाही. आज खिडकी बंद होत नाही, उद्या गाडी चालूच होत नाही, असा तो त्रास असतो आणि तो वर्षभरानेही सुरू होऊ शकतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ किंवा माती दिसते का? सीटखालचे रूळ गंजलेत का? मॅट उचलून कार्पेटचा वास घ्या. स्टेपनीचा खड्डा आणि फ्यूज बॉक्सचे कोपरे बघा. जुन्या गाडीत सीटबेल्ट नवाकोरा असेल तर तोही का बदलला ते विचारा. किनारपट्टीवरची गाडी असेल, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा, तर खाऱ्या हवेचा गंज गाडीच्या पोटाखाली असतो. त्यासाठी ती रॅम्पवर चढवूनच बघायला हवी.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्यांचीही एक लाट असते. तिथे १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्यानंतर त्यात बदलही होत गेले. पण त्या भीतीने तिथल्या गाड्या कमी भावात बाहेर आल्या. अशी गाडी घेताना मूळ आरटीओची एनओसी आणि इथे भरावा लागणारा रोड टॅक्स किमतीत धरा. मग ‘स्वस्त’ कितपत स्वस्त आहे ते कळतं.

गार इंजिन, बंद म्युझिक

गाडी बघायला सकाळी जा आणि सांगून ठेवा, ‘‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका.’’ पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच तापवून ठेवलेली आहे, म्हणजे गार इंजिनची कुरबुर तुम्हाला ऐकू येणार नाही. चालू करताना सायलेन्सरकडे एकाला उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका. इंजिन चालू असताना मेकॅनिक ऑइलचं झाकण उघडतो. तिथून धूर जोरात बाहेर फेकला जात असेल तर त्याला गॅरेजवाले ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. अशा इंजिनचं मोठं काम जवळ आलंय.

टेस्ट ड्राइव्ह दुकानदाराच्या गुळगुळीत रस्त्यावर नको. रस्ता तुम्ही निवडा. त्यात एक चढ किंवा फ्लायओव्हर, एक स्पीडब्रेकर, एक खड्ड्यांची गल्ली आणि थोडा मोकळा रस्ता हवा. म्युझिक आणि एसी बंद, काचा खाली. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपत आली. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आवाज आला तर एक्सलचं काम. सरळ रिकाम्या रस्त्यावर पकड जरा सैल केली की गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, हे बघा. आणि मग एसी लावून वीस मिनिटं चालवा, तापमानाचा काटा चढतो का त्यावर लक्ष ठेवा.

शक्य असेल तर स्कॅनर लावून घ्या. स्टिअरिंगच्या खाली एक पोर्ट असतो. त्याला स्कॅनर जोडला की इंजिनमधले नोंदलेले बिघाड दिसतात. विक्रीपूर्वी चेक इंजिनचा दिवा पुसून टाकला असेल तर बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हेही दिसतं. तो आकडा १०-१५ किलोमीटर असेल तर कालच कुणीतरी सारवासारव केलीय. काही गाड्यांत रनिंगची नोंद मीटरशिवाय दुसऱ्या युनिटमध्येही राहते, ती मीटरशी जुळते का ते जाणकार सांगू शकतो.

या सगळ्यासाठी गाड्यांचे व्हिडीओ बघणारा मित्र चालणार नाही. मेकॅनिक हवा आणि त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायची तयारी हवी. आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

ॲव्हरेजचं काय?

पुणेकर सकाळी चालायला जातात त्या एआरएआय टेकडीला ज्या संस्थेचं नाव पडलंय, ती १९६६मध्ये स्थापन झालेली संस्था गाड्यांच्या इंधनवापराच्या चाचण्या करते. जाहिरातीतला आकडा अशाच चाचणीतून येतो. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाने होते. तिथे खड्डे नसतात की चांदणी चौक नसतो. त्यामुळे तो आकडा दोन मॉडेलची तुलना करायला ठीक, आपल्या खिशाचा हिशेब मांडायला नाही.

छोट्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ॲव्हरेज कळत नाही. गाडी घेतल्यावर टाकी फुल करायची, दोन-तीनशे किलोमीटर चालवायची, त्याच पंपावर पुन्हा फुल करायची आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. समजा महिन्याला ८०० किलोमीटर फिरलात आणि पेट्रोल १०० रुपये धरलं, तर १८चं ॲव्हरेज आणि १४चं ॲव्हरेज यात फरक महिन्याला साधारण १,२७० रुपयांचा, वर्षाला १५ हजारांचा. हा फरक जाणवतो, पण चुकीच्या गाडीचं एक इंजिनकाम वर्षानुवर्षांचा हा फरक एका फटक्यात खाऊन टाकतं. पहिल्या दिवशी मी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, क्रम चुकला होता.

सही करण्यापूर्वी

टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर लिहून घ्या : ‘मेकॅनिकच्या तपासणीत गाडी पसंत न पडल्यास पूर्ण परत.’ विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल तर तेच तुमचं उत्तर. १ एप्रिल २०२३पासून वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते दाखवायला सांगा. व्यवहाराच्या कागदावर चेसिस नंबरसोबत त्या दिवशीचं मीटर रीडिंग लिहून सही घ्या. उद्या वाद झाला तर ग्राहक आयोगापुढे तोंडी शब्दाला किंमत नसते.

ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तुम्हाला मिळत नाही, हे हप्त्याच्या हिशेबात धरा. फास्टॅग जुन्या मालकाने बंद करायचा, आपण नवा घ्यायचा. आणि बजेट तीन लाख असेल तर पूर्ण तीन लाखांची गाडी बघू नका. चार टायर आणि बॅटरी म्हटलं तरी वीस-पंचवीस हजार जातात.

८२ हजारवाली

आमची गाडी शेवटी साताऱ्यातच मिळाली. २०१७ची, तीच हॅचबॅक, रंग राखाडी. मीटरवर ८२ हजार. बाबांचा चेहराच पडला. ‘‘अगं, एवढी चाललेली?’’ मालक पुण्यात नोकरीला होते, दर शुक्रवारी रात्री घरी यायचे आणि रविवारी परत जायचे. त्यांनी फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवलं. खेड-शिवापूर, आनेवाडी, आनेवाडी, खेड-शिवापूर, आठवड्यामागून आठवडे तेच. सोबत एक निळी फाइल, तीत पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं. डावं मागचं दार दोनदा रंगवलेलं आहे, हे आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, ‘‘गेट लागलं होतं, दोन्ही वेळा मिसेसचं.’’ आतून मिसेस म्हणाल्या, ‘‘एकदा तुमचं.’’

काकांनी तीन तास लावले. पेडलचं रबर झिजलेलं होतं, जेवढं ८२ हजारांत झिजावं तेवढंच. पावणेतीन लाखांत व्यवहार झाला, वर टायर आणि सस्पेन्शनच्या कामाला तेवीस हजार गेले. आजी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली तेव्हा तिने सीटबेल्ट लावून घेतला आणि दवाखान्याऐवजी आधी देवळात न्यायला लावलं.

आज मीटरवर ९३ हजार आहेत. निळ्या फाइलमध्ये मागच्या मालकांच्या बिलांपुढे आता आमची दोन बिलं लागलीत. परवा एक मित्र सहज म्हणाला, ‘‘विकताना सांग मला, एक जण आहे, चाळीसवर आणून देतो. लाखभर जास्त मिळतील.’’ मी नाही म्हटलं. आमच्यानंतर ही गाडी बघायला येणारं कुणीतरी असंच असणार. पहिली नोकरी, मोडलेली एफडी, सोबत आई-बाबा. त्यांनी रनिंग विचारलं की फाइल पुढे करायची, एवढं ठरलंय.